विचारायला लाजायचं नाही!



२०२५ साली पुणे जिल्हा परिषदेनं एक छान गोष्ट ठरवली. आपल्या शाळांतल्या २५ मुलामुलींना अमेरिकेतली ‘नासा’ ही अंतराळ संस्था दाखवायची आणि आणखी ५० जणांना आपली ‘इस्रो’. निवड वशिल्यानं नाही बरं का, परीक्षा घेऊन! निवडीसाठी मदतीला आली पुण्याची ‘आयुका’. डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची नामवंत संस्था ती हीच. निवडलेल्यांत शेतकऱ्यांची, मजुरांची मुलं होती. काहींनी तोवर आगगाडीतही पाय ठेवला नव्हता.

ही बातमी मी एकोडीच्या आमच्या वर्गात वाचून दाखवली. मला वाटलं होतं, मुलं रॉकेटबद्दल विचारतील. पण पहिला प्रश्न आला, “गुरुजी, तिथं भात भेटते का जी?” सगळा वर्ग हसला. विचारणारा बिचारा खाली बसला. मी म्हटलं, “अरे, हसता काय? धानाच्या मुलखातल्या मुलानं हे नाही विचारायचं, तर कोणी विचारायचं?”

मग आम्ही ठरवलं, आपणही जायचं. विमानानं नाही, फळ्यावरून! मी स्वतः काही अमेरिकेला गेलेलो नाही. पण पुस्तकं आहेत, नकाशा आहे, आता इंटरनेटही आहे. फ्लोरिडा राज्यातल्या केनेडी अंतराळ केंद्रातला एक अख्खा दिवस आम्ही फळ्यावर आखला. काय बघायचं, काय खायचं, किती पैसे लागतील, सगळं. चला, तुम्हीही या आमच्याबरोबर.

पिशवीत काय घ्यायचं?

“लोणचं, चिवडा आणि संत्री,” मुलींनी यादी केली. चिवडा ठीक. पण संत्री अमेरिकेच्या विमानतळावरच राहतील! परदेशातून ताजी फळं, भाजी, मांस नेऊ देत नाहीत. जे काही खायचं बरोबर असेल ते तिथल्या अधिकाऱ्याला आधी सांगावं लागतं. लपवलं तर दंड.

“एवढ्याशा संत्र्याला काय भितात?” असा प्रश्न आला. प्रश्न चांगला आहे. फळाबरोबर कीड येते, रोग येतो. फ्लोरिडा म्हणजे संत्र्यांचा मुलूख, आपल्या नागपूरसारखा. तिथं २००५ साली संत्र्याच्या झाडांवर एक रोग सापडला. एक बारीकसा किडा तो या झाडावरून त्या झाडावर नेतो. फळं हिरवीच राहतात, कडू होतात, झाड वाळत जातं. पुढच्या वीस वर्षांत तिथलं संत्र्याचं पीक पार बसलं. बागाच्या बागा गेल्या. आता कळलं ना, ते का भितात?

सकाळचे ९

घड्याळाचं गणित आधी करू. हिवाळ्यात फ्लोरिडाचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथं सकाळचे ९ वाजले की एकोडीत संध्याकाळचे साडेसात. म्हणजे आपण दिवे लावतो तेव्हा ही मुलं रांगेत उभी! पहिले दोन दिवस डोळे मिटायला लागतात, पोटालाही भलत्याच वेळी भूक लागते. हे आजारपण नव्हे, शरीराचं घड्याळ अजून गावालाच असतं.

नकाशा काढा. दिल्लीवर बोट ठेवा आणि सरळ पश्चिमेकडे सरकवा. इराण, अरबस्तान, इजिप्त, मग आफ्रिका संपून अटलांटिक महासागर. तो ओलांडला की बोट लागतं फ्लोरिडाच्या किनाऱ्याला, जवळजवळ केनेडी केंद्रावरच. दोन्ही ठिकाणं एकाच अक्षांशाच्या आसपास आहेत.

हे केंद्र पूर्व किनाऱ्यावरच का बांधलं? आपलं श्रीहरिकोटाही पूर्व किनाऱ्यावरच आहे. कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. फ्लोरिडाची जमीनच ताशी १,४०० किलोमीटरहून जास्त वेगानं पूर्वेला चाललेली असते. त्याच दिशेनं रॉकेट सोडलं की हा वेग फुकटात मिळतो. चालत्या बैलगाडीतून पुढच्या बाजूला उडी मारली की कसे जास्त लांब पडतो, तसंच. आणि पूर्वेला समुद्र असला म्हणजे काही बिघडलं तरी तुकडे वस्तीवर पडत नाहीत.

दारातून आत शिरलं की रॉकेटांची बाग लागते. झाडांसारखी उभी जुनी रॉकेटं! इथं बहुतेक जण फोटोच काढत बसतात. आमच्या वर्गानं नियम केला : एक फोटो, एक प्रश्न. प्रश्न सुचला नाही तर फोटो नाही.

सकाळचे ११ : बसची फेरी

पाहुण्यांना बसमध्ये बसवून केंद्र दाखवतात. केंद्राच्या भोवती अभयारण्य आहे, १९६३ पासूनचं. म्हणजे आपल्या नागझिऱ्यासारखं जंगल आणि मधोमध रॉकेटचा तळ! रस्त्याकडेच्या पाण्यात ॲलिगेटर पडलेले दिसतात. हे मगरीचे भाऊबंद.

मग दिसतो रॉकेट जोडण्याचा कारखाना. उंची १६० मीटर. त्याचे दरवाजे उघडायलाच पाऊण तास लागतो. इथं रॉकेट उभं जोडतात आणि उभंच्या उभं तळापर्यंत नेतात. नेणारी गाडी रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालते. तिचं स्वतःचं वजन जवळजवळ ३,००० टन. वेग किती असेल? वर्गात कोणी शंभर म्हणालं, कोणी दोनशे. खरा वेग, रॉकेट अंगावर असताना, ताशी दीड किलोमीटरच्या जरा वर! आपली बैलगाडी तिला सहज मागे टाकील. साडेपाच किलोमीटरवरच्या तळाला पोचायला तास न् तास लागायचे. जगातल्या सगळ्यात वेगवान वस्तूचा प्रवास असा गोगलगायीसारखा सुरू होतो.

तो साडेपाच किलोमीटरवरचा तळ म्हणजे ३९-अ. हा आकडा वहीत लिहून ठेवा. १६ जुलै १९६९ ला चंद्रावर पहिल्यांदा उतरणारी माणसं इथूनच निघाली. १६ जानेवारी २००३ ला कर्नालची कल्पना चावला दुसऱ्यांदा अंतराळात गेली ती इथूनच. आणि २५ जून २०२५ ला आपले शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकाकडे निघाले तेही इथूनच!

बस शेवटी एका मोठ्या दालनाशी थांबते. आत सॅटर्न-५ हे चंद्राचं रॉकेट आडवं ठेवलंय. लांबी १११ मीटर. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायलाच वेळ लागतो. तिथं चंद्रावरून आणलेल्या दगडाचा एक तुकडाही आहे. त्याला बोट लावू देतात. लाखो लोकांची बोटं लागून तो गुळगुळीत झालाय.

दुपारचा १ : आता जेवण!

तर भात भेटते का? भेटते! अमेरिकेत तांदूळ पिकतो. जवळजवळ निम्मा एकट्या आर्कान्सा राज्यात. फ्लोरिडाच्या दक्षिणेलाही भातशेती आहे. आणि तिथं मेक्सिकन पद्धतीची खाणावळ गावोगाव असते. तिच्यात मिळतो भात, काळ्या घेवड्याची उसळ आणि ‘तोर्तिया’, म्हणजे गव्हाची नाहीतर मक्याची पोळीच. सांगा, आपल्या जेवणाहून किती वेगळं?

पण अंतराळ केंद्रातल्या उपाहारगृहात जास्त करून बर्गर, पिझ्झा, बटाट्याचे तळलेले काप. ताट आपणच उचलायचं, आपणच बसायचं, खाऊन झाल्यावर कचरा आपणच डब्यात टाकायचा. वाढायला आई येत नाही आणि ‘अजून घे’ असं कोणी म्हणत नाही. लाजला तो उपाशी राहिला.

म्हणून इथं विचारावंच लागतं. साध्या बर्गरमध्ये बहुधा गाईचं मांस असतं. वरून चीजचा तुकडा आणि टोमॅटो तेवढे दिसतात. काही लोकांच्या लेखी अंडं हे शाकाहारीच. उसळीत चरबी घातलेली असू शकते. तोंड उघडल्याशिवाय कळणार कसं? आम्ही वर्गात चार वाक्यं पाठ केली. मी दुकानदार झालो आणि एकेक जण पुढे आला. “डज इट हॅव मीट?” “डज इट हॅव एग?” “नो आइस, प्लीज.” “थँक यू.” पहिल्यांदा आवाज फुटेना. तिसऱ्यांदा मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला. व्याकरण चुकलं तर चुकू दे. समोरच्या माणसाला मराठी येत नाही, तो कुठे लाजतोय?

आता पैसे. फळ्यावर लिहिलं : एक जेवण, समजा, १० डॉलर. तिथं पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, तो पैसे देताना वर लागतो. राज्याचा कर ६ टक्के, म्हणजे १० डॉलर ६० सेंट. डॉलरला ९० रुपये धरले तर ९५४ रुपये. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव होता क्विंटलला २,३६९ रुपये. तर ९५४ रुपयांचं धान किती? सगळ्यांनी भागाकार केला. उत्तर आलं, ४० किलो.

“म्हणजे एक कट्टा जी, गुरुजी!” मागून आवाज आला. वर्ग एकदम गप्प झाला. एक कट्टा धान म्हणजे काय, हे या मुलांना मी शिकवायला नको. रोवणीला चिखलात कोण वाकतं, ते ती रोज घरात बघतात.

या गणिताचे दोन धडे. पहिला, ताटात टाकायचं नाही. तिथं एकेकाचं ताट दोघांना पुरेल एवढं असतं. दोघांत एक घ्या. उरलं तर डब्यात बांधून मागा. तसं मागण्यात तिथं कोणी कमीपणा मानत नाही. दुसरा धडा, प्रत्येक घासाला कट्ट्याचा हिशेब लावत उपाशी बसू नका. तिथं लोकांची मजुरीही डॉलरमध्येच असते. हिशेब माहीत असावा. तो गळ्यात अडकू नये.

दुपारचे ३ : एक शांत खोली

जेवण झाल्यावर ‘अटलांटिस’ बघायचं. हे खरंखुरं अंतराळयान ३३ वेळा अंतराळात जाऊन आलं, शेवटचं जुलै २०११ मध्ये. ते दालनात तिरकं टांगून ठेवलंय, ४३.२१ अंशांच्या कोनात. हाच कोन का? आकडे ओळीनं वाचा : चार, तीन, दोन, एक! उड्डाणाची उलटी मोजणी.

याच इमारतीत एक शांत दालन आहे. ‘चॅलेंजर’ आणि ‘कोलंबिया’ या यानांचे अवशेष तिथं जपून ठेवलेत. इथं आपणही टोपी काढून उभं राहायचं.

२८ जानेवारी १९८६. चॅलेंजरमध्ये सात जण होते. त्यांत एक शाळेतल्या बाई होत्या, क्रिस्टा मॅकॉलिफ. अकरा हजारांहून जास्त शिक्षकांतून त्यांची निवड झाली होती. अंतराळातून त्या मुलांना शिकवणार होत्या. अमेरिकेतल्या शाळाशाळांत मुलं दूरदर्शनपुढे बसली होती. उड्डाणानंतर ७३ व्या सेकंदाला यान फुटलं. सातही जण गेले.

का झालं? रॉकेटच्या सांध्यात रबराच्या कड्या होत्या. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली आणि थंडीत रबर ताठरलं. सांध्यातून आग बाहेर आली. पण सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. आदल्या रात्री काही अभियंत्यांनी सांगितलं होतं, “एवढ्या थंडीत उड्डाण नको.” त्यांनी कागद दाखवले, आकडे मांडले. वरच्यांनी ऐकलं नाही.

वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “गुरुजी, मोठी माणसं होती, मग का नाही ऐकलं?” मी तिला काय सांगू? उड्डाण आधीच पुढे पुढे ढकललं गेलं होतं. घाई होती. आणि ‘आजवर काही झालं नाही, तर आताही होणार नाही’ असं वाटत होतं. आपणही असंच म्हणतो ना, फुटक्या वायरीबद्दल, तलावाच्या खोल पाण्याबद्दल?

कोलंबियाचंही तसंच. उडताना फेसाचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. काही अभियंत्यांनी विचारलं, नुकसान किती झालं ते नीट बघायचं का? त्यांचा प्रश्न मागे पडला. १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना यान आकाशातच तुटलं. त्यात आपली कल्पना होती. बाहेर अंगणात काळ्या दगडाची एक गुळगुळीत भिंत आहे. तिच्यावर अशा सगळ्यांची नावं कोरली आहेत. त्यांत तिचं नाव शोधा.

आता एक चांगली गोष्ट. क्रिस्टाबाईंना काही अडचण आली असती तर त्यांच्या जागी जायला आणखी एक बाई तयार होत्या, बार्बरा मॉर्गन. प्राथमिक शाळेच्या शिक्षिका, तुमच्या-माझ्या शाळेसारख्या लहान गावातल्या. अपघातानंतर त्या पुन्हा वर्गावर गेल्या. मुलांना वाचायला, लिहायला शिकवत राहिल्या. पण स्वप्न सोडलं नाही. १९९८ मध्ये नासानं त्यांना अंतराळवीर म्हणून घेतलं आणि ऑगस्ट २००७ मध्ये त्या ‘एन्डेव्हर’मधून निघाल्या. एकवीस वर्षांनी! तेव्हा त्यांचं वय होतं ५५. वर गेल्यावर त्यांनी मुलांच्या प्रश्नांना उत्तरंही दिली.

संध्याकाळ : अंतराळातलं ताट

रात्रीच्या जेवणाला आम्ही फळ्यावर अंतराळवीरांचं ताट काढलं. तिथं पाव चालत नाही. चुरा उडतो, हवेत तरंगतो, डोळ्यात जातो, यंत्रात शिरतो. १९८५ मध्ये मेक्सिकोच्या एका अंतराळवीरानं तोर्तिया बरोबर नेल्या. पोळीचा चुरा होत नाही! तेव्हापासून त्या नेहमीच्या झाल्या. मीठ आणि मिरपूडही कोरडी नसते, पातळ करून देतात.

राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले तेव्हा म्हैसूरच्या संरक्षण अन्न प्रयोगशाळेनं त्यांच्यासाठी भारतीय पदार्थ बनवून दिले होते. शुभांशु शुक्लांनी गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस नेला आणि वेगवेगळ्या देशांच्या सोबत्यांना वाटला. परक्या ठिकाणी आपला डबा लपवून खायचा नसतो, मधे ठेवायचा असतो.

या आठवड्याचा उद्योग

१. दोरीनं १११ मीटर मोजा. एका टोकाला एक मित्र, दुसऱ्या टोकाला तुम्ही. शाळेच्या मैदानात सॅटर्न-५ मावतं का?

२. अंतराळ स्थानक आपल्या गावावरूनही जातं. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी, लुकलुक न करता सरळ चालणारा तेजस्वी ठिपका दिसला तर तेच असू शकतं. ते आपल्यापासून सुमारे ४०० किलोमीटर उंच आहे आणि दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं.

३. रोज एका मोठ्या माणसाला त्याच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारा. राईस मिलवाल्या काकांना विचारा, कोंडा कुठे जातो? एसटीच्या कंडक्टरांना विचारा, तिकिटाचं भाडं कसं ठरतं? उत्तर वहीत लिहा. सात दिवसांची सात उत्तरं मला पाठवा.

पालकांसाठी दोन शब्द

नासाला जाणारी मुलं थोडीच असणार. पण नागपूरचं रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून उघडं आहे आणि साकोलीहून नागपूर साधारण शंभर किलोमीटर. मुलांना एकदा घेऊन जा. तेही नाही जमलं तरी एक गोष्ट घरबसल्या, बिनपैशाची करता येते. पोरगं काही विचारायला आलं, तर ‘गप बस, मोठ्यांच्या मध्ये बोलू नको’ एवढं म्हणू नका. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, चल शोधू’ म्हणा. मुलाखतीत, परक्या गावात, उद्या नोकरीत, जिथं ‘हे बरोबर नाही’ असं सांगायची वेळ येईल तिथं त्याला आवाज लागणार आहे. तो आवाज आधी आपल्याच घरात फुटतो.

बरं तर मुलांनो, पुढच्या आठवड्यात भेटू. प्रश्न घेऊन या!

तुमचे,
गुरुजी